खाड्यांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

लेकराला सांभाळायला बाई ठेवायची म्हटली की आपण तिची चौकशी करतो. ती करायलाच हवी, आणि आधीच्या घरी स्वतः बोलून करायला हवी. परंतु ज्या घरात ती दिवसाचे नऊ तास काढणार, त्या घराची चौकशी तिने कोणाकडे करावी? आमच्या घराची कोणी केली असती, तर 2019 च्या ऑगस्टपर्यंत फारसे चांगले कानावर आले नसते.

तेव्हा माझा नातू दहा महिन्यांचा होता आणि त्याला सांभाळणाऱ्या मावशी नदीकाठच्या वस्तीतून सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या घरी येत असत. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले, त्या पुरात त्यांचे घर पत्र्यापर्यंत बुडाले आणि त्या कुटुंबासह एका शाळेच्या वर्गात जाऊन राहिल्या. बारा दिवसांनी आल्या, तेव्हा घरातला गाळ उपसून त्यांची नखे काळी पडली होती. महिनाअखेरीस मी भिंतीवरचे कॅलेंडर उतरवले. दुधाच्या हिशेबाशेजारी मी त्यांचे खाडे फुलीने मांडत असे. बारा फुल्या मोजल्या, तेवढे पैसे कापले आणि उरलेले त्यांच्या हातात ठेवले. त्यांनी ते मोजले नाहीत. कॅलेंडरवरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "काकू, पुराच्या आधी दोन रविवारी आलते की मी. ते कुठं मांडलंय?"

ते कुठेच मांडलेले नव्हते. आमच्या कॅलेंडरवर खाड्याला खूण होती, जादा दिवसाला नव्हती. शिवाय त्याच दिवसांत सुनेचे मारुती रोडवरचे ऑफिसही पाण्यामुळे बंद होते आणि तिचा पगार एक रुपयाही न कापता जमा झाला होता. दुसऱ्या दिवशी मी बारा दिवसांचे पैसे पुढे केले, ते मावशींनी घेतले आणि विचारले, "आणि रविवारचं?"

म्हणून सांगते, आणि पुन्हा सांगते, की पगार तिने आपल्यासाठी राखून ठेवलेल्या वेळेचा असतो. वेळ, साप्ताहिक सुट्टी, भरपगारी रजा, जादा दिवसाचे पैसे आणि उचल दिली तर ती कशी फेडायची, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून एक प्रत तिला द्यावी. मूल झोपले की "तेवढी भांडी घास" असे म्हणू नये. वरकामाचा मोबदला वेगळा ठरवावा. (तिला मावशी म्हणायचे आणि चहा मात्र कान तुटलेल्या कपात द्यायचा, ही आपल्याकडची रीत मला कधीच कळलेली नाही.)

कायद्याचे थोडक्यात सांगते. चौदा वर्षांखालील मुलीला घरकामास ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. तेव्हा "गावाकडची पोर आहे, बाळाशी खेळेल" हा विचार मनातून काढावा. घरकामगारांसाठी राज्याचा 2008 चा कल्याण मंडळ अधिनियम आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार आपले घर हे तिचे कामाचे ठिकाण ठरते, आणि तक्रारीसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. हे तिला आपणच सांगावे.

आमच्याकडचे कॅलेंडर आता स्वयंपाकघराच्या दारापाशी, मावशींच्या हाताला येईल इतक्या उंचीवर टांगलेले आहे, आणि पेन्सिल त्यालाच दोऱ्याने बांधली आहे.