रोजच्या दीड जीबीत गेम

(हौसेनं गेम करणाऱ्यांसमोर कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आज इथं शहरातली मुलं आहेत, तशी गगनबावडा, चंदगड, आजरा, राधानगरीकडून आलेलीही आहेत. काहींच्या घरी फायबर असेल. बाकीचे मोबाइलचा रोजचा दीड जीबी हॉटस्पॉटवरून लॅपटॉपला जोडतात, तोही रेंज असली तर. घाटाकडं पाऊस लागला की तीही गायब. मी बोलणार आहे ते या बाकीच्यांसाठी. फायबरवाल्यांनी ऐकलं म्हणून तोटा नाही.

माझं म्हणणं असं की, गेम करताना नेट दोनदाच लागतं. सामान आणताना आणि झालेला गेम लोकांच्या हातात देताना. मधलं काम सगळं बिननेटचं आहे. आपली पंचाईत होते ती नेटचं आणि बिननेटचं काम एकमेकांत मिसळल्यानं. एक ओळ लिहायची, अडलं की व्हिडिओ लावायचा, त्यात अर्धा डेटा घालवायचा, मग राहिलेल्या अर्ध्यात रील्स. आठवडी बाजाराला जाताना घरातली बाई यादी करून जाते, तसं नेटवर जायचं. आठवडाभर एका वहीत लिहून ठेवा : काय अडलं, काय पाहिजे. मग एका बैठकीत सगळं उतरवून घ्या आणि नेट बंद करा.

आता सामान कुठलं? पहिलं म्हणजे एंजिन, गेममधली चित्रं, आवाज, हालचाल चालवणारा तयार प्रोग्रॅम. अनरिअल एंजिन बसवायचं तर दहादहा जीबींचा हिशेब होतो, त्याचा विचार सोडा. युनिटी चांगलंच आहे, पण काही जीबी उतरवावे लागतात आणि वर खातं, लॉगिन, लायसन्स, हे सगळं नेटवरून. आपल्या परिस्थितीत गोडो बरं पडतं. अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं हे एंजिन २०१४ मध्ये ओपन सोर्स झालं, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला झाला. एमआयटी लायसन्स आहे, म्हणजे गेम विकला तरी त्यांना रुपया द्यावा लागत नाही. झिप फाइल शंभर एमबीच्या आतबाहेर. उघडायची आणि डबल क्लिक करायचं, इन्स्टॉल करायची भानगडच नाही. पेनड्राइव्हवरूनसुद्धा चालतं. त्याहून हलकं पाहिजे असेल तर लव्ह नावाचं फ्रेमवर्क आहे, म्हणजे गेमसाठीच्या तयार कोडचा संच, लुआ भाषेत वापरायचा, मोजक्या एमबीचा. त्याला कुणी हसू नका, २०२४ मध्ये जगभर गाजलेला बालाट्रो हा गेम त्याच्यावरच केलेला आहे. आणि टिक-८० आहे : २४० बाय १३६ पिक्सेलचा पडदा, सोळा रंग, आणि कोड, चित्रं, नकाशा, आवाज या सगळ्यांचे एडिटर त्याच एका प्रोग्रॅममध्ये. पहिला गेम करणाऱ्यानं त्यावर करावा असं मला वाटतं. सोळाच रंग असले की रंग निवडण्यात महिना जात नाही.

कोल्हापुरात यंत्राबद्दल बोलायचं म्हणजे बाबूराव पेंटरांचा स्वदेशी कॅमेरा काढावाच लागतो. परदेशी कॅमेरा परवडेना, तर त्यांनी इथंच घडवला. अभिमान आहेच. पण तुम्हाला मी उलटं सांगणार : एंजिन घडवायच्या नादाला लागू नका. नेट कमी असलेल्या हुशार पोरांचा हा ठरलेला रोग आहे. बाहेरून काही आणायचं नाही म्हणून सगळं स्वतः लिहायला बसतात. दोन वर्षांनी एंजिन अर्धं असतं आणि गेमचा पत्ता नसतो. बाबूरावांना चित्रपट काढायचा होता, कॅमेरा ही अडचण होती. तुमची ती अडचण दुसऱ्यांनी सोडवून फुकट ठेवलेली आहे.

गोडो उतरवताना एका ठिकाणी हमखास फसगत होते. तयार गेमची विंडोजसाठी फाइल काढायची किंवा अँड्रॉइडचं एपीके, म्हणजे मोबाइलवर बसवायची फाइल, काढायचं तर एक्स्पोर्ट टेम्पलेट्स लागतात. ती वेगळी मिळतात आणि साधारण एक जीबीची असतात. आवृत्ती अगदी तीच लागते. ४.३ च्या एंजिनला ४.२ ची टेम्पलेट्स चालत नाहीत. म्हणून एंजिन आणि टेम्पलेट्स एकाच दिवशी आणायची आणि गेम पुरा होईपर्यंत आवृत्ती बदलायची नाही. नवीन आवृत्ती आली, लोक नाचतायत, नाचू देत. एपीके बांधायला जेडीके आणि अँड्रॉइडचं एसडीके ही साधनं लागतात, हे आणखी वेगळं सामान, तेही यादीत आधीच घाला. उतरवताना मध्येच तुटलं तर तिथूनच पुढं सुरू करणारा डाउनलोड मॅनेजर वापरा. मित्राच्या पेनड्राइव्हवरून घेतलं असेल तर चेकसम, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून काढलेला आकडा, मूळ आकड्याशी ताडून बघा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल आधीच असतं. फाइल कुठंतरी एका बाइटनं बिघडलेली असेल तर चार दिवस आपण आपल्याच कोडला शिव्या घालत बसतो.

शिकायचं कसं? गोडोमध्ये एफ-वन दाबा. प्रत्येक क्लासची माहिती आतच असते, नेट लागत नाही. पूर्ण दस्तऐवज एचटीएमएल आणि ईपबमध्ये उतरवून घेता येतो, मोबाइलवर एसटीत बसून वाचता येतो. व्हिडिओबद्दल मात्र सावध राहा. उतरवायच्या आधी तो कुठल्या आवृत्तीचा आहे ते बघा. तिसऱ्या आवृत्तीत ज्याला कायनेमॅटिकबॉडी म्हणत, ते चौथ्यात कॅरेक्टरबॉडी झालं. यील्ड गेलं, अवेट आलं. जुना व्हिडिओ बघून नव्या एंजिनात टायपायला बसलात की ओळीओळीला लाल. एआयच्या चॅटवर प्रश्न विचारून कोड लिहून घेणारे आहेत, त्यांचीही हीच गत होते. त्याला डेटा कमी लागतो हे खरं, पण उत्तरात दोन्ही आवृत्त्या कालवलेल्या असतात, आणि ते ओळखायला शेवटी दस्तऐवजच उघडावा लागतो.

मराठीत गेम करणाऱ्यांनी आता नीट ऐका, कारण इंग्रजी व्हिडिओत हे कुणी सांगत नाही. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘किल्ला’ लिहिलं तर पहिली वेलांटी क च्या आधी न लागता नंतर जाऊन बसते आणि ल ला ल जोडला न जाता मध्ये पाय मोडलेला दिसतो. मार्च २०२३ मध्ये चौथी आवृत्ती आली, तिच्यात हार्फबझ आहे, अक्षरांची जुळणी नीट करणारं. त्यामुळं किल्ला किल्ल्यासारखा दिसतो. पण तिथंही एक फट आहे. तुम्ही गेमसोबत देवनागरी फॉन्ट दिला नाही तरी तुमच्या संगणकावर मराठी छान दिसतं, कारण एंजिन गुपचूप विंडोजचा फॉन्ट उचलतं. तोच गेम ब्राउझरसाठी काढला की अक्षरांच्या जागी चौकोन, कारण तिथं सिस्टिमचा फॉन्ट मिळत नाही. मुक्त लायसन्सचा एखादा फॉन्ट, उदाहरणार्थ मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता, प्रोजेक्टमध्येच टाका आणि थीमला जोडा.

सध्या मी मातीतल्या कुस्तीचा एक छोटा गेम करतोय. दोन पैलवान, एकच कीबोर्ड. पहिला खेळता येईल असा नमुना मी तालमीतल्या एका वस्तादांना दाखवला. त्यांनी पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाले, “ह्यात खडाखडी कुठाय?” बटण दाबलं की पैलवान थेट ढाक लावत होता. त्यांचं म्हणणं, आधी हात, मग पकड, मग समोरच्याचा तोल, आणि तोल गेला तरच डाव. हे कुठल्याही ट्युटोरियलमध्ये मिळालं नसतं. मग कोडमध्ये पैलवानाच्या अवस्था पाडल्या : खडाखडी, पकड, तोल, डाव, चितपट. पट म्हणजे पाय धरून पाडायचा डाव. तो लावताना समोरच्यानं वेळेत पाय मागं फेकले आणि अंगाचा भार खाली टाकला तर पट फसतो. आता ‘वेळेत’ म्हणजे किती? गोडोचं फिजिक्स सेकंदाला साठ वेळा चालतं. मी आधी सहा फ्रेमची मुदत ठेवली, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. पोरं चिडली, जमतच नाही म्हणाली. दहा केली तर कुणाचा पट लागेचना. आठवर भांडण मिटलं. चितपट झाल्यावर चारपाच फ्रेम सगळं थांबवतो. तेवढ्या थांबण्यानं पाठ मातीला टेकल्याचं वजन येतं. हे सगळं एका ओसरीवर, एका लॅपटॉपवर आणि चहावर झालं. त्या दिवशी रेंज होती का, ते बघायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

दोघं मिळून करत असाल तर गिट शिका, कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन. लोकांना वाटतं गिट म्हणजे गिटहब ही साइट, म्हणजे नेट. तसं नाही. लिनक्स करणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सनं २००५ मध्ये ते केलं तेच असं की, पूर्ण इतिहास प्रत्येकाच्या संगणकात राहतो. बदल नोंदवणं (कमिट), वेगळी फांदी काढणं (ब्रांच), मागं जाणं, सगळं ऑफलाइन. गिट बंडल या कमांडनं नवीन कामाची एक फाइल होते. ती बहुतेक वेळा एवढी लहान असते की व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून जाते, नाहीतर गडहिंग्लजच्या मित्राला पेनड्राइव्हवर द्या. प्रोजेक्टमधलं डॉट गोडो फोल्डर मात्र पाठवू नका. ते एंजिन स्वतः परत तयार करतं. आणि एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. २०१९ आणि २०२१ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना कारण सांगायला नको.

आता खेळणाऱ्याचा विचार करू. तोही रोजच्या दीड जीबीवरच आहे की! दोनशे एमबीचा गेम तो उतरवणार नाही, मीही उतरवणार नाही. सगळ्यात फुगवतो तो आवाज. एक मिनिटाचं स्टिरिओ वेव्ह, म्हणजे न दाबलेला आवाज, सुमारे दहा एमबी होतं. तेच दाबून १२८ केबीपीएसच्या ऑगमध्ये एक एमबी. हलगी, शिट्टी असे छोटे आवाज वेव्ह ठेवा, लांब संगीत ऑग करा. चित्रांत फाइलचा आकार फसवा असतो. १०२४ बाय १०२४ चं पीएनजी डिस्कवर पन्नास केबीचं असलं तरी उलगडल्यावर मेमरीत चार एमबी घेतं. स्वस्त मोबाइल तिथं गुदमरतो. तयार चित्रं पाहिजेत तर केनीच्या साइटवर सीसी-झिरोची, म्हणजे कुणालाही न विचारता वापरता येणारी, आहेत, पण पाहिजे तेवढाच संच घ्या.

प्रकाशनाचं थोडक्यात. इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या साइटला फी नाही, आणि त्यांचं बटलर नावाचं साधन नवीन आवृत्ती चढवताना बदललेला भागच पाठवतं. आपल्याला तेच सोयीचं. गुगल प्लेला एकदाच पंचवीस डॉलर, आणि नव्या वैयक्तिक खात्याला आधी परीक्षक गोळा करून चौदा दिवस चाचणी चालवावी लागते. स्टीम या संगणकाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानाला प्रत्येक गेममागं शंभर डॉलर. हौसेच्या पहिल्या गेमसाठी मी तरी ते भरणार नाही. एपीके सरळ मित्रांना पाठवा आणि ते खेळत असताना शेजारी गप्प बसून बघा. कुठं अडतात तिथं वहीत खूण करा, सांगायला जाऊ नका.

पुढच्या टेबलावर तीन पेनड्राइव्ह आहेत. त्यात एंजिन, त्याच आवृत्तीची टेम्पलेट्स, दस्तऐवज, टिक-८० आणि मुक्ता फॉन्ट आहे, विंडोज आणि लिनक्सचे फोल्डर वेगळे. आधी चेकसमची फाइल उघडा, मग कॉपी करा. लांबचं जाणाऱ्यांना आधी घेऊ द्या, शेवटच्या एसटीची वेळ झाली आहे. प्रश्न असतील त्यांनी खुर्च्या मागं सरकवून इकडं या, कुस्तीचा गेम या लॅपटॉपवर चालू ठेवतो. दोघादोघांनी खेळा, हरणारा उठेल.