दिवस जाण्याआधी

ठाणे, नौपाडा. लॅब उघडायच्या आधीच बाहेर रांग. कुणी साखर तपासायला आलंय, कुणी थायरॉइड. या मुलीच्या चिठ्ठीवर लिहिलंय: रुबेला आयजीजी. ती उपाशीपोटी आली आहे. खरं तर या तपासणीला तशी गरज नसते. पण रक्त द्यायचं म्हणजे चहासुद्धा नाही, हा आपल्याकडचा शिरस्ता!

रुबेला हा विषाणूमुळे होणारा आजार एरवी सौम्यच. बारीक ताप, अंगावर लालसर पुरळ, कानामागे गाठी. कित्येकांना तो होऊन गेल्याचं कळतही नाही. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाला, तर मात्र विषाणू वारेतून बाळापर्यंत पोचू शकतो. १९४१ साली ऑस्ट्रेलियातले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतःच मोतीबिंदू असलेली तान्ही मुलं येऊ लागली. आयांकडे चौकशी केल्यावर उलगडा झाला: बहुतेकींना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. बहिरेपण, हृदयाचे दोष हेही त्याचेच परिणाम.

रक्त गोठलं की नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरते आणि पिवळसर सीरम वर येतो. त्यात शोधायची ती आयजीजी प्रतिपिंडं. जुन्या संसर्गाची किंवा लशीची खूण. मिलीलिटरमागे १० आंतरराष्ट्रीय एककं किंवा जास्त असली, की सहसा संरक्षण आहे असं धरतात. म्हणजे इथे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर निश्चिंत व्हायचं. आयजीएम या दुसऱ्या प्रतिपिंडाचं तसं नाही. ते ताज्या संसर्गाकडे बोट दाखवतं, पण कधी कधी उगाचच पॉझिटिव्ह येतं. तेवढ्यावरून कुणी घाबरून निर्णय घेऊ नये.

आयजीजी निगेटिव्ह आलं, तर लस. ती जिवंत, पण क्षीण केलेल्या विषाणूची असते. म्हणून गरोदरपणी देत नाहीत, आणि घेतल्यावर महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. घोळ होतो तो इथेच. बऱ्याच जणींची ही तपासणी होते दिवस गेल्यावर, बाळंतपणासाठी नाव घालताना. मग पुरळवाल्यांपासून लांब राहायचं आणि लस बाळंतपणानंतर घ्यायची, एवढंच उरतं.

महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी. तेव्हा कॉलेजात असलेल्या मुली तिच्यातून सुटल्या. आज घोडबंदर रोडच्या टॉवरांत नवा संसार मांडणाऱ्यांत त्याही आहेत. माहेरी जुनं लसीकरण कार्ड सापडलं आणि त्यावर एमएमआरची (गोवर, गालगुंड, रुबेला यांवरची एकत्रित लस) नोंद असली, तर उत्तमच. नसली, आणि गरोदर नसाल, तर डॉक्टरांना विचारून तपासणीविना थेट लसही घेता येते. प्रतिकारशक्ती आधीपासून असली तरी लशीने अपाय होत नाही.