वर रस्त्यानं, खाली वाटेनं

नमस्कार श्रोतेहो. आज सायकल घेऊन खिंडीकडे निघायचंय. डांबरी घाटानं मात्र जायचं नाही. खिंडीच्या दोन्ही अंगांना जंगलात कच्चे रस्ते असतात, पायवाटा असतात, आपण त्यांवरून जाऊ. लाकूड वाहायला, वणवा विझवायला काढलेले हे रस्ते. त्यावरून अवजड गाडी चढायची असते, त्यामुळे चढ सहसा बेताचा, शंभर मीटरला सहा ते आठ मीटर. पायवाटेला असला काही धरबंध नसतो, ती खुशाल नाकासमोर चढते. म्हणून वाट आखताना एवढं धरून चाला: वर रस्त्यानं, खाली वाटेनं. पुन्हा सांगतो. वर रस्त्यानं, खाली वाटेनं.

नकाशावर लोक आधी अंतर बघतात. तुम्ही चढ बघा. कच्च्या रस्त्यावर ताशी १२ किलोमीटर धरा आणि दर १०० मीटर चढाला १५ मिनिटं वेगळी मोजा. खिंड १८ किलोमीटरवर असेल आणि तिथवर ८०० मीटर चढायचं असेल, तर अंतराचा दीड तास आणि चढाचे दोन. साडेतीन तास झाले की नाही? आणि यात पंक्चर धरलेलं नाही. नुसतं १८ किलोमीटर वाचून निघालेला माणूस दुपारी खिंडीत पोचतो, आणि उंच डोंगरात वादळी ढग जमतात तेही बहुधा दुपारीच.

चढाचं तंत्र थोडक्यात. खडी सुटी असेल आणि चढ बारा टक्क्यांच्या वर गेला, की मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं. हौशी माणूस अशा वेळी पायडलवर उभा राहतो. उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन निघून जातं, चाक आणखी घसरतं. बसूनच राहा, सीटच्या टोकाशी सरका, कोपरं खाली दाबा. पुढे ३२ दातांचं चाक आणि मागे ५१ दातांपर्यंतचा गिअर असेल तर बहुतेक वनरस्ते बसून चढता येतात. सीटची उंची चढताना पूर्ण, उतरताना खाली. (सीटवर ते फुगीर जेलचं कव्हर चढवतात ना, ते काढून टाका. अर्ध्या तासात बूड इकडून तिकडे सरकायला लागतं आणि घासतं. पण ऐकतं कोण!)

आता उतार. उतार म्हटलं की एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही, तेव्हा जरा बसा.

साल १९७६. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मरीन परगण्यात फेअरफॅक्स नावाचं गाव आहे. गावाजवळच्या डोंगरात वणव्याच्या गाड्यांसाठी काढलेला एक कच्चा रस्ता होता, कॅस्केड कॅन्यनचा. लांबी साडेतीन किलोमीटरसुद्धा नाही आणि तेवढ्यात उतार सुमारे ४०० मीटरचा! शंभर मीटरला जवळजवळ बारा मीटर, तेही सरासरी. तिथल्या पोरांनी जुन्यापान्या सायकली गोळा केल्या होत्या. तीस-चाळीसच्या दशकातल्या, फुगऱ्या टायरच्या, वीस किलोच्या आसपास वजनाच्या. लाडाचं नाव क्लंकर. आपण खटारा म्हणू. २१ ऑक्टोबर १९७६ ला या खटाऱ्यांची पहिली शर्यत झाली. रस्ता अरुंद, म्हणून सगळ्यांना एकदम सोडायचं नाही. एकेकाला ठरावीक अंतरानं सोडायचं, आणि वर-खाली घड्याळ लावून वेळ मोजायची.

या सायकलींना ब्रेक कसला होता? बहुतेकींना पायब्रेक. पायडल उलटं मारलं की मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, आतल्या आत पट्ट्या दाबल्या जातात आणि चाक थांबतं. गावात फिरायला झकास. पण हिशेब करा. माणूस आणि सायकल मिळून ९५ किलो, ४०० मीटर खाली. त्यातली काही ऊर्जा वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते, बाकी सगळी ब्रेकमध्ये. एकूण आकडा भरतो साधारण ३७० किलोज्यूल. घरात एक लिटर पाणी गॅसवर उकळून आणता ना, त्याहून थोडी जास्तच उष्णता. त्यातला बराच वाटा मुठीएवढ्या हबमध्ये, चार-पाच मिनिटांत!

मग व्हायचं काय? आतलं ग्रीस आधी पातळ व्हायचं, मग जळायचं. खाली पोचलेल्या सायकलीच्या मागच्या चाकातून चक्क धूर निघायचा. एक्सलच्या कडेनं काळा ओघळ, आणि हात लावला तर चटका. ग्रीस गेलं की छर्रे कोरडे आणि पायडल उलटं मारलं तरी ब्रेकचा भरवसा नाही. म्हणून उतरून आलं की हब खोलायचा, कोन (छर्रे जागेवर धरणारा शंकूसारखा नट) सैल करायचा, छर्रे काढायचे, जळकं ग्रीस पुसायचं आणि नवं दाबून भरायचं. सायकलवाले ज्याला ओव्हरऑइल म्हणतात तेच, फक्त एका उतारासाठी! नवं ग्रीस भरण्याला इंग्रजीत म्हणतात रीपॅक. शर्यतीचं नाव पडलं रीपॅक. पुढे रस्त्यालाही तेच नाव चिकटलं. एका वळणावर इतके जण घसरायचे की फोटो काढणारे तिथेच ठाण मांडून बसत, म्हणून ते वळण झालं कॅमेरा कॉर्नर.

या शर्यतीचा विक्रम त्याच पोरांतल्या गॅरी फिशरच्या नावावर आहे, ४ मिनिटं २२ सेकंद. म्हणजे सरासरी ताशी ४५ किलोमीटरच्या वर, कच्च्यावर. त्यांच्यातलाच दुसरा गडी, नाव जो ब्रीझ, त्याच्या मागे अवघे दोन सेकंद. खटारे दमले तेव्हा याच मंडळींनी डोकं चालवलं. कुणी ड्रम ब्रेक आणि गिअर बसवले, तर ब्रीझनं १९७७ मध्ये मजबूत पोलादी नळ्यांची नवी फ्रेमच बांधायला घेतली. माउंटन बाइक म्हणून आज जे विकत घेतो त्याच्या मुळाशी हे जळकं ग्रीस आहे.

आजचे डिस्क ब्रेक, म्हणजे चाकावरची पातळ चकती दोन पॅडमध्ये चिमटणारे, याच्या कितीतरी पुढे गेलेत, पण उष्णता तेवढीच आहे, तीच ती ३७० किलोज्यूल. खिंडीवरून ८०० मीटर उतरलात तर दुप्पट. म्हणून ब्रेक धरून ठेवू नका. दाबा आणि सोडा. वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावर, दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग पाडा आणि वळणात सोडून द्या. पुन्हा सांगतो, दाबा आणि सोडा. सोडलेल्या वेळात डिस्क वाऱ्यानं निवते. सतत हलका धरलेला ब्रेक निवतच नाही. आधी पॅड तापून गुळगुळीत होतात आणि किंचाळतात. मग ब्रेकच्या नळीतल्या तेलाला उकळी फुटते, आत बुडबुडे होतात आणि लिव्हर सरळ हँडलला येऊन टेकते. डिस्कवर निळसर झाक दिसली तर समजा फार तापली होती. थांबा, आपोआप निवू द्या. पाणी ओतू नका, पातळ डिस्क वाकडी होते. बोटही लावू नका. निघण्याआधी पॅड बघा, पत्रा धरून जाडी ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर बदला. लांब उताराला रेझिनपेक्षा धातूमिश्रित पॅड बरे. ते आवाज करतात, करू देत.

वेळ भराभर चाललाय, टायरमधल्या हवेच्या दाबाचं घाईत सांगतो. ७०-७५ किलोचा माणूस, २.३ इंची टायर: ट्यूबलेस असेल तर पुढे २१-२२ पीएसआय, मागे २४-२५. ट्यूब असेल तर २८-३०, नाहीतर दगडावर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. एकच पॅच लावाल तर दुसऱ्या भोकातून हवा जाईल.

दर हजार मीटर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी गारवा वाढतो. चढताना घाम आलेला असतो, म्हणून जॅकेट खिंडीतच चढवा. उतरायला लागल्यावर बोटं बधिर झाली तर ब्रेक दाबणार कशानं? वनरस्त्यावर पाणी वळवायला तिरके चर असतात, ते काटकोनात ओलांडा. तिरकं गेलात तर पुढचं चाक चरात सरकतं. वाटेत चढणाऱ्याला उतरणाऱ्यानं जागा द्यायची, पायी माणसाला आणि घोड्याला सायकलवाल्यानं. घोडा दिसला तर उताराच्या बाजूला थांबा आणि हळू आवाजात बोलत राहा, म्हणजे त्याला माणूस आहे हे कळतं. आणि कानात गाणी घालून जंगलात जाऊ नका. रेडिओवाल्यानं हे म्हणावं म्हणजे कमालच, पण वळणापलीकडून येणारा लाकडाचा ट्रक आधी ऐकू येतो, मग दिसतो.

चिखलाचं डबकं मधूनच पार करा. कडेनं गेलात की वाट रुंदावते, पुढच्या पावसात कड ढासळते. घरी आल्यावर चिखल धुताना पाण्याचा जोराचा फवारा हबवर मारू नका. सील ओलांडून पाणी आत शिरलं की ग्रीस धुऊन निघतं, आणि मग छर्रे काढून रीपॅक तुम्हालाच करावं लागेल.