एचआयव्हीची टेस्ट खाजगीत, गोळ्या सिव्हिलमध्ये: मधल्या मधे पेशंट जातो कुठे?

[कॅमेऱ्यासमोर, हातात हॉस्पिटलचं बिल]

नमस्कार मंडळी. घरात कुणाचं हर्नियाचं नाहीतर सिझेरियनचं ऑपरेशन खाजगी हॉस्पिटलात झालं असेल, तर ते बिल काढा आणि लॅबचे चार्जेस बघा. एचआयव्ही, एचबीएसएजी (हेपटायटिस बी), एचसीव्ही (हेपटायटिस सी) अशा टेस्ट सापडण्याची दाट शक्यता आहे. काही ठिकाणी नुसतंच ‘व्हायरल मार्कर्स’ लिहितात. ॲडमिशनच्या वेळी धडाधड सह्या घेतात ना, त्यातच कुठेतरी या टेस्टची संमती असते. रिपोर्ट निगेटिव्ह आला की कुणी बोलत नाही, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

आणि पॉझिटिव्ह आला तर? आजचा विषय तोच आहे.

भारतात साधारण 25 लाख लोक एचआयव्हीसह जगतायत, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सगळ्यात वर आहे. उपचारांची बाजू सरकारनं बऱ्यापैकी सांभाळली आहे, हे आधी कबूल करू. 1 एप्रिल 2004 ला मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या, सुरू झाली, पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचं जे.जे. होतं. त्याआधी गोळ्या बहुतेकांना स्वतःच्या खिशातूनच घ्याव्या लागायच्या. पैसे संपले की गोळ्या बंद, आणि असं धरसोड केलं की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी, तीही फुकट. 2017 पासून तर सीडी-फोर (रोगप्रतिकारक पेशींची संख्या) किती आहे याची वाट न बघता, निदान झालं की उपचार सुरू करायचे असं धोरण आहे.

पण आपण आजारी पडलो की आधी जातो कुठे? गल्लीतल्या डॉक्टरकडे, ओळखीच्या नर्सिंग होममध्ये. म्हणजे गोळी सरकारकडे आणि पेशंट खाजगीत. यावर नॅकोनं, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संघटनेनं, तोडगा काढला. खाजगी हॉस्पिटलनं जागा आणि नर्स द्यायची, सरकारनं टेस्ट किट आणि ट्रेनिंग द्यायचं. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब किटवर टाकायचा, अर्ध्या तासाच्या आत कळतं. याला एफ-आयसीटीसी म्हणतात, म्हणजे दवाखान्यातच चालणारं तपासणी केंद्र. इथे ‘रिॲक्टिव्ह’ आलं म्हणजे निदान झालं असं नाही. पक्कं निदान आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्रात होतं, वेगवेगळ्या तीन टेस्ट करून. म्हणून इथून पेशंटच्या हातात तिकडे जायची एक चिठ्ठी देतात.

गोची होते ती या चिठ्ठीपाशी.

समजा, सातव्या महिन्यातली एक बाई आहे. नाव प्रसूतिगृहात घातलंय, सासरच्यांनी डिपॉझिटही भरलंय. रिपोर्ट येतो. डॉक्टर कॉरिडॉरमध्ये नवऱ्याला बाजूला घेतात आणि सांगतात, “आमच्याकडे सोय नाही, सिव्हिलला न्या.” इथे कायदा दोनदा मोडला बरं का! 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि तिच्या लेखी संमतीशिवाय तिचा रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. जोडीदाराला सांगण्यासाठी कायद्यात काही अपवाद आहेत, पण त्याआधी तिच्याशी बोलणं, तिला समजावणं आलंच. घाईघाईत कॉरिडॉरमध्ये उरकणं त्यात बसत नाही.

आता ती बाई सिव्हिलला जाते का? अनेकदा नाही. तिथे ‘ती खोली’ कोणती हे अख्ख्या तालुक्याला माहीत असतं. मग ती दुसरं हॉस्पिटल गाठते आणि यावेळी काही सांगतच नाही. उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के. वेळेत गोळ्या सुरू झाल्या तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरॅपिनचं, म्हणजे लागण टाळणाऱ्या औषधाचं, सिरप सुरू करायचं असतं. ती बाटली रात्री दोन वाजता प्रसूतिगृहात कुठून येणार? आधीच आणून फ्रीजशेजारच्या कपाटात ठेवली असेल तरच! आणि आणून ठेवायची, तर डॉक्टर आणि एआरटी सेंटर एकमेकांशी बोलत असायला हवेत.

हे छोटं काम नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातली सुमारे 62 टक्के बाळंतपणं सरकारी दवाखान्यांत झालेली दिसतात, आणि घरची सोडली तरी साधारण चौथा हिस्सा खाजगीत. चेन्नईच्या ‘साथी’ संस्थेनं ग्लोबल फंडाच्या मदतीनं ‘स्वेताना’ प्रकल्पात नेमकं याच खाजगी प्रसूतिगृहांना जोडायचं काम केलं.

[थांबून]

माझं मत सांगतो, पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा. प्रत्येक नर्सिंग होमला एआरटी चालवायला देऊ नये. व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती, हे तपासणं), समुपदेशन, महिन्याच्या गोळ्या न्यायला कुणी आलं नाही तर फोन करून बोलावणं, हे सगळं बारा खाटांच्या हॉस्पिटलला झेपत नाही, आणि 2004 च्या आधीची धरसोड आपल्याला परत नकोय. पण पेशंट पळवूही नका. गोळ्या सेंटरच्या, बाळंतपण मात्र तिच्याच डॉक्टरकडे. मुंबईत 2014 पासून टीबीसाठी असाच प्रयोग झाला: पेशंट खाजगी डॉक्टरकडेच राहिला आणि औषधं मोफत व्हाउचरवर मिळाली. डॉक्टरला धंदा जाण्याची भीती उरली नाही की तो पेशंटचं नाव सरकारला कळवायला कां-कूं करत नाही. आणि चिठ्ठीऐवजी माणूस द्या. पहिल्या दिवशी सोबत रिक्षात बसून जाणारा.

तुमच्या कामाचं आता. रिपोर्ट रिॲक्टिव्ह आला तर जवळच्या सरकारी आयसीटीसीत जा, टेस्ट मोफत आहे. पत्ता माहीत नसेल तर 1097 वर फोन करा, पैसे पडत नाहीत. हॉस्पिटलनं दार दाखवलं तर तक्रार अधिकाऱ्याचं नाव विचारा. 20 किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक दवाखान्यात तो नेमणं कायद्यानं बंधनकारक आहे. रिसेप्शनवर “असं कुणी नसतं” म्हणाले तर तेही लेखी मागा, कारण याच एचआयव्ही कायद्यानुसार राज्याच्या लोकपालाकडे (ऑम्बुड्समन) तक्रार करता येते, आणि तिथे तो कागद उपयोगी पडेल.