बँकेतला पैसा नक्की कुणाच्या भरवशावर?

नमस्कार मंडळी, आज पैशांबद्दल बोलूया, व्याजदर वगैरे नाही हं, बँकेत भ्रष्टाचार मुरला की पुढे काय काय होतं ते.

सप्टेंबर 2019 आठवतोय? पीएमसी बँक, म्हणजे मुंबईची पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले आणि सांगितलं, सहा महिन्यांत खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येतील. सहा महिन्यांत हजार! म्हणजे पोरांची फी, म्हाताऱ्यांची औषधं, दुकानातल्या नोकरांचे पगार, सगळं त्यातच बसवा. शाखांबाहेर हीऽऽ गर्दी. मर्यादा नंतर वाढवत नेली, पण ज्याचं सगळं तिथेच होतं त्याचे हाल विचारू नका.

आणि झालं काय होतं? बँकेच्या एकूण कर्जापैकी 70 टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बिल्डर ग्रुपकडे, एचडीआयएलकडे, आणि ते थकलेलं. तपास यंत्रणांचं म्हणणं असं की ते झाकायला 21,000 हून जास्त बोगस कर्जखाती दाखवली, जी बँकेच्या कॉम्प्युटरमध्ये नव्हतीच, नुसती इन्स्पेक्शनवाल्यांना द्यायच्या यादीत होती. आता बोला!

काही जण म्हणतात, अहो थोडे पैसे चारले की फाईल हलते, धंद्याला बरंच की. मला हे अजिबात पटत नाही, कारण फाईल हलते ती कोणाची तर चारायची ऐपत असलेल्याची, आणि ज्याला कर्ज फेडायचंच नाहीये त्याला टक्का द्यायला काय जातंय? इकडे पिठाची गिरणी टाकणारा पोरगा दोन जामीनदार शोधत फिरतो, तारण दाखवतो, तरी उद्या या, परवा या. शेवटी सावकार. आणि ठेवीदार एकदा पोळला की पैसा सोन्यात, प्लॉटमध्ये, भिशीत टाकतो, म्हणजे उद्योगाला मिळायचा तो पैसा बँकेत येतच नाही. आपल्याकडे बँका कमी आहेत का हो? गल्लोगल्ली आहेत. पण संचालक मंडळाला नाही म्हणणारा ऑडिटर किती ठिकाणी आहे?

त्यात पीएमसीसारख्या अर्बन, म्हणजे शहरी सहकारी बँकांचं म्हणजे दोन घरचा पाहुणा उपाशी, अर्धं सहकार खात्याकडे, अर्धं रिझर्व्ह बँकेकडे, त्यामुळे गडबड झाली की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे. 2020 मध्ये कायदा बदलून रिझर्व्ह बँकेला जास्त अधिकार दिले, ठेवींचा विमा, म्हणजे बँक बुडाली तर ठेवीदाराला मिळणारी भरपाई, 1 लाखाचा 5 लाख झाला, चांगलंच झालं. तरी फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबईच्याच न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत 122 कोटींची रोकड गायब असल्याची तक्रार झालीच, कागदावर नाही, तिजोरीतून! पीएमसी 2022 मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, पण 5 लाखांच्या वर ज्यांच्या मोठ्या ठेवी होत्या त्यांना हप्त्याहप्त्याने, 10 वर्षांपर्यंत थांबा असं सांगितलंय.

आणि हो, तो 5 लाखांचा विमा मुद्दल अधिक व्याज धरून असतो, एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखांचा मिळून. चार शाखांत चार एफड्या ठेवल्या म्हणून 20 लाख होत नाहीत बरं का.