पिशव्यांची रांग
(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : रक्तपेढीतला फ्रीज. दारावर तापमानाचा आकडा. आत गटानुसार लावलेल्या पिशव्या.]

रक्तपेढीसमोर माणसांची रांग लागते, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, कुणाचं बाळंतपण अडलेलं, कुणाचं ऑपरेशन उद्या सकाळी. पण फ्रीजच्या आतही एक रांग असते.

1982 साली स्टीफन ग्रेव्ह्ज या अमेरिकी संशोधकाने नाशवंत मालाच्या साठ्याकडे रांग म्हणूनच पाहिलं. पिशव्या ताटकळत उभ्या आहेत, रुग्ण आला की पुढची सुटते. जिचा नंबर वेळेत लागला नाही, तिची मुदत संपते आणि ती रांगेतून बाहेर पडते. बँकेत कंटाळून परत जाणाऱ्या गिऱ्हाइकासारखीच. फक्त ही पुन्हा येत नाही.

[दृश्य : जुन्या टेलिफोन एक्स्चेंजची छायाचित्रं.]

रांगांचं गणित मुळात टेलिफोनचं. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग यांनी 1909 साली दाखवलं की पुढचा फोन कधी वाजेल हे सांगता येत नसलं, तरी तासाभरात पाच फोन येतील की पंधरा, याची शक्यता नेमकी मांडता येते. साठ्याचं गणित 1913 चं. एका वेळी किती माल मागवावा, याचं फोर्ड हॅरिस यांचं वर्गमुळाचं सूत्र आजही इंजिनिअरिंगच्या मुलांना पाठ करावं लागतं. त्यात तीन गोष्टी गृहीत आहेत. मागणी ठरावीक, माल टिकाऊ, आणि आलेला प्रत्येक नग चांगला.

रक्ताच्या बाबतीत तिन्ही खोट्या.

यातलं तिसरं गृहीतक काढायला बराच वेळ गेला. 2000 साली सलामेह आणि जाबेर यांनी खराब नग धरून साठ्याचं सूत्र नव्याने मांडलं, आणि त्यावर पुढे संशोधनाचा ढीग झाला. त्यांच्या मांडणीत प्रत्येक नग तपासला जातो, खराब तेवढा अचूक बाजूला निघतो आणि कमी भावात विकला जातो. कारखान्यात हे चालून जातं. रक्ताला सेकंडचा माल नसतो.

[दृश्य : तपासणी कक्ष. नमुन्यांच्या नळ्या, एलायझा या रक्तचाचणीची प्लेट.]

आपल्याकडे दान झालेल्या प्रत्येक पिशवीची पाच आजारांसाठी तपासणी सक्तीची आहे : एचआयव्ही, हेपटायटिस बी, हेपटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया. चाचणी दोन प्रकारे चुकते. चांगल्या पिशवीला खराब म्हणते, किंवा खराब पिशवीला चांगलं.

पहिली चूक किरकोळ वाटते, म्हणून ती आकड्यात पाहू. समजा, प्रत्येक चाचणी चांगल्या रक्ताला 99.5 टक्के वेळा बरोबर ओळखते. एका चाचणीपुरतं हे उत्तमच. पण पिशवीला पाचही चाचण्यांतून जायचंय. 0.995 पाच वेळा गुणलं की उरतात साधारण 97.5 टक्के. शंभर निर्दोष पिशव्यांतल्या अडीच गेल्या. संशय आला की पिशवी बाद, आणि ते योग्यच आहे.

दुसरी चूक जिवावरची. संसर्ग ताजा असतो तेव्हा रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, तयार झालेली नसतात, आणि चाचणीला काही दिसत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत प्रतिपिंडं शोधणाऱ्या चाचणीला हा काळ सुमारे तीन आठवड्यांचा पडतो. विषाणूची जनुकीय सामग्रीच शोधणारी ‘नॅट’ तो दहा-बारा दिवसांवर आणते, शून्यावर नाही. धोका मोजायचा ढोबळ हिशेब सोपा आहे : दात्यांमध्ये नवे संसर्ग होण्याचा वेग गुणिले हा आंधळा काळ. काळ निम्मा झाला की धोकाही निम्मा. म्हणून जो दाता वर्षानुवर्षं नियमित येतो, खरी उत्तरं देतो, तो यंत्राला जमत नाही असं काम करतो. गुणाकारातला पहिला आकडाच तो खाली आणतो.

आता कुणी म्हणेल, चाचणीचा कट-ऑफ, म्हणजे पिशवी बाद ठरवणारी रेषा, आणखी कडक करा. करता येतो. मग चांगल्या पिशव्या जास्त बाद होतात, साठा घटतो, बाहेरची रांग लांबते. तपासणी कक्षातला एक आकडा हलला की काउंटरवरच्या नातेवाइकाचे तास हलतात. कागदावर गुणवत्ता, साठा आणि रांग ही तीन प्रकरणं वेगळी. पेढीत ती एकाच रजिस्टरमध्ये असतात.

[दृश्य : रजिस्टर. आवक आणि जावक, दोन रकाने.]

एक छोटी पेढी घेऊ. रोज सरासरी सहा पिशव्या येतात, सहा जातात. हिशेब जुळला असं वाटतं. पण दोन्ही बाजू योगायोगाच्या असतील, तर महिन्याभरात आवक-जावकीत 19 पिशव्यांचा फरक इकडे किंवा तिकडे सहज पडतो, कारण महिन्याची आवक 180 आणि जावक 180 मिळून 360, आणि अशा योगायोगाच्या हिशेबात फरक साधारण या बेरजेच्या वर्गमुळाएवढा पडतो. काही महिने फ्रीज भरलेला, काही महिने रिकामा, आणि सरासरी जिथल्या तिथे. त्यात आठ रक्तगट. ओ निगेटिव्हच्या चिठ्ठीला बी पॉझिटिव्हच्या दहा पिशव्यांचा उपयोग शून्य. शिवाय क्रॉसमॅच करून, म्हणजे रुग्णाच्या रक्ताशी जुळवून पाहून, उद्याच्या ऑपरेशनसाठी राखून ठेवलेल्या पिशव्या कपाटात दिसतात, देता मात्र येत नाहीत.

[दृश्य : रक्तदान शिबिर. मंडप, ढोल, रांगेत तरुण.]

आवक मात्र रोज सहा अशी येत नाहीच. ती शिबिरातून येते, एकदम. 19 फेब्रुवारी, शिवजयंती. समजा, 300 पिशव्या जमल्या. तपासणीत सात-आठ गेल्या, दोन दिवसही गेले. तांबड्या पेशी योग्य द्रावणात 42 दिवस टिकतात, म्हणजे 2 एप्रिलपर्यंत. उरलेल्या 40 दिवसांत रोज सहा धरल्या तर 240 लागतात. मधल्या काळात बाहेरून एकही पिशवी आली नाही, तरी पन्नासेक वाया. प्लेटलेट्सचं तर बोलायलाच नको, त्यांचं आयुष्य पाच दिवसांचं.

आणि ते 300 दाते? पुरुषांना पुढचं रक्तदान 90 दिवसांनी करता येतं. 20 मे. स्त्रियांना 120 दिवसांनी. म्हणजे कॉलेजं बंद, माणसं गावाला गेलेली, वर्तमानपत्रांत रक्ताच्या तुटवड्याच्या बातम्या, अशा नेमक्या दिवसांत फेब्रुवारीतला एकही दाता हाताशी नसतो. उन्हाळ्याला आपण उगाच सगळा दोष देतो. त्यातला काही भाग फेब्रुवारीच्या बॅनरवर छापलेल्या आकड्याचा असतो. नेत्यांच्या वाढदिवसाची ‘विक्रमी’ शिबिरं याच हिशेबात मोडतात; हे स्पष्ट बोलायला पेढ्या कचरतात, कारण पुढच्या वर्षी त्याच दारात जायचंय.

[दृश्य : पेढीतला जनसंपर्क अधिकारी फोनवर.]

तरी काही जण बोलतात. “साहेब, या वेळी शंभरच घेऊ. बाकीच्यांची नावं, नंबर, रक्तगट लिहून द्या. शंभर जणांना एप्रिलमध्ये बोलावतो, शंभर जणांना मेमध्ये.”

शंभरातल्या अडीच तपासणीत गेल्या, तर उरलेल्या 97 पिशव्या रोज सहाच्या हिशेबाने सोळा दिवसांत संपतात. बेचाळिसावा दिवस त्यातल्या बहुतेकींच्या वाट्याला येतच नाही.