भरतीच्या दिवशीचा कागद

(दृश्य : पहाटेचं अंगण. लोखंडी पेटीचं झाकण उघडतं.)

काळी लोखंडी पेटी. झाकणावर पांढऱ्या रंगात आर्मी नंबर, हुद्दा, नाव. रंग उडालाय, आकडे अजून वाचता येतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावात अशी पेटी कितीतरी घरांत आहे. कुठे तिच्यात गोधड्या असतात, कुठे बियाणं. या घरातल्या पेटीत फक्त कागद आहेत.

हवालदार काका २२ वर्षांची नोकरी करून २०१९ मध्ये घरी आले. दोनदा काश्मीर, एकदा सिक्कीम, आणि शेवटची पोस्टिंग पीसमध्ये, म्हणजे शांत ठिकाणी. बीपीचा त्रास तिथंच पहिल्यांदा कागदावर आला. निवृत्तीच्या मेडिकल बोर्डानं लिहिलं : अपंगत्व ३० टक्के, आयुष्यभरासाठी. आणि त्याखालच्या रकान्यात लिहिलं, की हा आजार सैन्यसेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. फौजेच्या कागदात या शेऱ्याचं इंग्रजी लघुरूप आहे, ‘नाना’. एकदा तो शेरा पडला, की अपंगत्व पेन्शन नाकारली जाते.

“कागद आला तवा मले वाटलं, आपलंच काही चुकलं असंन,” काका सांगतात. “डॉक्टरनं लिवलं म्हंजे खरंच असंन ना जी. मी पेटीत ठेवून देल्ला.”

चार वर्षं तो कागद पेटीत राहिला. या निवेदनात जे सांगायचं आहे, ते या चार वर्षांबद्दल आहे. कारण काकांना जे वाटलं, तेच गावागावांतल्या माजी सैनिकांना वाटतं : आजार नोकरीमुळे झाला, हे आपण सिद्ध करायचं असतं, आणि आपल्याजवळ तर पुरावा नाही.

नियम याच्या उलट आहे.

(दृश्य : पेटीतला एक पिवळा कागद, अगदी जवळून.)

काका ज्या काळात निवृत्त झाले, त्या काळाला २००८ चे पात्रता नियम लागू होतात. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त होणाऱ्यांसाठी नवे नियम आले आहेत. २००८ च्या नियमांतही दावेदाराला सहसा सिद्ध करायला लावायचं नसतं. त्याआधीच्या, १९८२ च्या नियमांत तर स्पष्ट म्हटलं होतं, की माणूस सेवेत आला तेव्हा तो निरोगी होता असं धरायचं, भरतीच्या वेळी काही नोंद झाली असेल तेवढं सोडून. आणि दावेदाराला काहीही सिद्ध करायला लावायचं नाही. शंकेला जागा असेल, तर शंकेचा फायदा त्याला. फील्डमध्ये, म्हणजे सीमेवरच्या कठीण ठिकाणी, नोकरी केलेल्याला तो फायदा आणखी सढळ हातानं.

म्हणजे भरतीच्या दिवशीचा वैद्यकीय तपासणीचा कागद हा सगळ्या खटल्याचा कणा. काकांच्या वकिलांनी रेकॉर्ड ऑफिसातून त्याची प्रत मागवली. झेरॉक्सची झेरॉक्स, अर्धी अक्षरं पुसट. पण रक्तदाबाचा रकाना स्वच्छ वाचता येतो : १२०/७८. आजारांच्या रकान्यात काही नाही. खाली डॉक्टरची सही, शिक्का, आणि ‘फिट’.

हा नियम कागदावरून माणसांपर्यंत आणला तो धरमवीर सिंग यांच्या खटल्यानं. १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती, जवळपास नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट्सच्या आजारामुळे १९९४ मध्ये घरी, अपंगत्व २० टक्के, पेन्शन नामंजूर. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींपुढे जिंकले, खंडपीठापुढे हरले. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही, आणि तो तेव्हा का ओळखता आला नाही याचं कारणही बोर्डानं दिलेलं नाही, तर तो सेवेमुळेच झाला असं मानावं लागेल, असं न्यायालयानं सांगितलं. १९९४ ते २०१३. एका सैनिकाची एकोणीस वर्षं यात गेली, आणि आज असा दावा घेऊन उभा राहणारा प्रत्येक हवालदार, नायक त्या एकोणीस वर्षांवर उभा आहे.

अपिलाची वाट अशी. पेन्शन नाकारल्याचं पत्र आलं, की सहा महिन्यांत पहिलं अपील. ते फेटाळलं तर दुसरं. ही दोन्ही फौजेच्या आणि संरक्षण मंत्रालयाच्या समित्यांपुढे. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरण. २००७ च्या कायद्यानं ते उभं राहिलं आणि २००९ पासून काम करतंय. महाराष्ट्रासाठी त्याचं खंडपीठ मुंबईला. बाकावर दोघं बसतात, एक उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश, दुसरे फौजेतले माजी वरिष्ठ अधिकारी. एकाला कायदा ठाऊक, दुसऱ्याला फील्ड म्हणजे काय ते ठाऊक. ही मांडणी मला फार मोलाची वाटते.

तिथं बोर्डाच्या शेऱ्यामागचं कारण तपासलं जातं. काकांच्या कागदावर कारण एका ओळीचं आहे : आजार पीस पोस्टिंगमध्ये सुरू झाला. आधीची काश्मीर-सिक्कीमची वर्षं त्या ओळीत नाहीत.

पैशाचा हिशोबही सांगायला हवा. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, या प्रमाणात रक्कम ठरते. पगार ४०,००० धरला, तर ३० टक्के अपंगत्वाला महिना ३,६०० रुपये. पण ५० टक्क्यांच्या आतलं अपंगत्व ५० धरायचं, अशी तरतूद आहे. पूर्ण मुदत करून निवृत्त झालेल्यांनाही ती लागू आहे, हे १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार खटल्यात ठरलं. मग तीच रक्कम ६,००० होते, त्यावर महागाईची वाढ वेगळी. कोरडवाहू पाच एकरांच्या घरात महिन्याचे ६,००० म्हणजे सावकाराचा उंबरठा न चढणं.

आणि उशीर? २००८ मध्ये तरसेम सिंग यांच्या खटल्यात ठरलं, की पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून उशिरा आलात तरी दार बंद होत नाही. मात्र त्या निकालात थकबाकी अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळाली. तरसेम सिंग १९८३ मध्ये घरी आले होते, न्यायालयात गेले १९९९ मध्ये.

प्रत्येक दावा जिंकतो असं मात्र नाही. सुट्टीत गावी आलेल्या जवानाचा घरगुती कामात किंवा गाडीवर अपघात झाला, ड्यूटीशी त्याचा संबंधच नाही, अशी प्रकरणं सर्वोच्च न्यायालयानं नाकारली आहेत. आणखी एक. गावात सगळ्यांनाच ‘मिलिटरीत आहे’ म्हणतात, पण सीआरपीएफ, बीएसएफच्या जवानांसाठी हे न्यायाधिकरण नाही. त्यांना उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागतं.

(दृश्य : तुरीचं शेत. काकू शेंग मोडून दाणा पाहतात.)

न्यायाधिकरणातली काकांची पुढची तारीख नेमकी तूर सोंगायच्या आठवड्यात आली आहे. काकूंनी मजूर आधीच सांगून ठेवलेत.

“तुम्ही जा,” त्या म्हणतात. “तूर मी पाहून घेतो.”

शेगावहून रात्रीची विदर्भ एक्स्प्रेस, सकाळी मुंबई. फाइल वकिलाकडे आहे. १२०/७८ लिहिलेला तो कागद मात्र काका प्लास्टिकमध्ये गुंडाळून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवतात, आणि पेटीचं झाकण लावतात.